मेंढरांना ऐकू गेलेली हाक

मोहिनीच्या शाळेच्या फॉर्मवर वडिलांच्या व्यवसायाचा एक रकाना असायचा. दरवर्षी ती त्यात ‘जिनिंगमध्ये काटेवाला’ असं लिहायची. ते खोटं नव्हतं, पण लिहून झाल्यावर आपण कागदाला अर्धंच सांगितलं असं तिला वाटायचं. कारण संध्याकाळी रेडिओवर शेतकऱ्यांच्या कार्यक्रमाची वेळ झाली, की बीडमधल्या त्यांच्या गल्लीतल्या घराघरांतून तिचे वडील बोलायला लागायचे. तेही एकटे नाही, तीन-तीन माणसं होऊन. आणि त्याच वेळी ते स्वतः ओट्यावर बसून मुकाट्याने शेंगा फोडत असायचे. शेंगा फोडणारा हा माणूस आणि त्या भिंतींमधून भांडणारी, हसणारी, खोकणारी माणसं एकच आहेत, हे तिला कळत होतं; पण पटायला बरीच वर्षं गेली.

मोहिनीचे वडील, धुळाजी अण्णा, मूळचे पालीजवळच्या माळावरचे, मेंढपाळाच्या घरातले. त्यांचे वडील आश्रुबा यांची दीडशे मेंढरं होती आणि ती आश्रुबांच्या एका हाकेवर चालत. दहा-अकरा वर्षांचे असताना अण्णांनी एकदा बाभळीमागे लपून वडिलांची हाक हुबेहूब मारली. भाकरी खात बसलेला चुलता घास तसाच ठेवून उठला, कुत्रं धावत आलं. मेंढरांनी मात्र एकदा मान वर केली आणि परत खाली घातली. आश्रुबा हसत म्हणाले, “माणसं फशीवशील, कुत्रं बी फशीवशील. मेंढराला न्हाई फशीवता यायचं तुला.”

ही गोष्ट अण्णा आयुष्यभर गंमत म्हणून सांगत आले. सांगताना चुलता व्हायचे, कुत्रं व्हायचे, आणि मान खाली घालणारं मेंढरू तर असं व्हायचे की समोरच्याला गवत तुटल्याचा आवाज ऐकू यावा. पण गोष्ट संपली की ते जरासे गप्प व्हायचे. ते गप्प होणं मोहिनीला मोठी झाल्यावर दिसायला लागलं.

कळप थोरल्या भावाकडे गेला आणि एकोणिसाव्या वर्षी अण्णा बीडला जिनिंगमध्ये कापूस मोजायला लागले. काट्यावर दिवसभर गाड्या यायच्या. गेवराईचा माणूस शब्द कसा ओढतो, आष्टीचा कुठे तोडतो, हे त्यांच्या कानात बसत गेलं. पुढे पुढे तर पाठमोरे उभे राहून, नुसता आवाज ऐकून ते तालुका सांगायचे. एकदा रेडिओची माणसं कापूस उत्पादकांच्या मुलाखती घ्यायला तिथे आली. यंत्र समोर धरलं की शेतकऱ्यांची बोलती बंद व्हायची. अण्णांना त्यांची दया आली आणि चार शेतकऱ्यांच्या वतीने तेच बोलले, चार आवाजांत. आठवड्याने रेडिओवाले परत आले. मुलाखत फार गाजली होती आणि त्या चौघांना स्टुडिओत बोलवायचं होतं. पत्ते विचारल्यावर अण्णांनी चौघांचा मिळून एकच पत्ता दिला.

अशी सुरुवात झाली. कार्यक्रमात ते एका हट्टी म्हाताऱ्या तात्याचं काम करायचे. तात्याच्या बायकोचं, गोदाक्काचं काम करणाऱ्या बाईंच्या मुलाला एक दिवस ताप भरला आणि त्या येऊ शकल्या नाहीत. वेळ अगदी तोंडावर आली होती. अण्णांनी घसा खाकरला आणि तात्याही तेच, गोदाक्काही तेच, असं नवरा-बायकोचं भांडण पार पाडलं. त्या बाई पुढे नवऱ्याच्या बदलीच्या गावी गेल्या आणि गोदाक्का अकरा वर्षं अण्णांच्याच गळ्यात राहिली. बायका तिला पत्रं लिहायच्या. सासू छळते, काय करू, असं विचारायच्या. पाटोद्याकडच्या एकीने तर गोदाक्कासाठी खण पाठवला. मोहिनीच्या आईने, छबुबाईने, त्याची चोळी शिवली. सवतीचा खण म्हणून ती चोळी ती मिरवायची आणि अण्णा लाजायचे.

मोहिनीने एकदा त्यांना विचारलं होतं, की समोर कुणीच नसताना बोलता कसं येतं? बंद खोली, भिंतीला गोधडीसारखं काहीतरी लावलेलं, समोर एक डबी. ऐकणारा हसला की झोपला, काही कळायचा मार्ग नाही. अण्णा म्हणाले होते, “बघायचंच न्हाई. ऐकतंय कुनीतरी, एवढं धरून चालायचं.”

पुढे सिनेमे आले. पहिल्या सिनेमात ते पंचनाम्यातलं प्रेत होते. तरीही ते प्रेत कुणाचं, काय काम करणाऱ्याचं, हे त्यांनी विचारलं होतं. मग हवालदार झाले, कंपाउंडर झाले, तलाठी, घोडेवाला, देवळातला पुजारी, मुलीचा विहिणीपुढे वाकलेला बाप. टीव्हीवर एका श्रीमंत घरातला जुना गडी म्हणून तीन वर्षं ते रोज दिसले. आणि तरीही त्यांना कुणी ओळखायचं नाही, ही यातली सगळ्यात नवलाची गोष्ट. लोकांना ते नट वाटायचे नाहीत, नात्यातले वाटायचे. मांजरसुंब्याच्या ढाब्यावर एकाने पाया पडून ‘मामा, धर्मापुरीहून कधी आलात’ असं विचारलं, तेव्हा अण्णांनी त्याला आशीर्वाद दिला, घरच्यांची विचारपूस केली आणि पोरीचं लग्न उरकून टाक असंही सांगितलं. मोहिनी गाडीत बसल्यावर चिडली. एखाद्याला असं फसवायचं म्हणजे काय! अण्णा म्हणाले की त्याला फार दिवसांनी मामा भेटला होता, आपण त्या मामाला परत कशाला पाठवायचं?

या सगळ्यात त्यांची कामाची एक रीत होती, आणि ती त्यांना कुणी शिकवली नव्हती. जे काम मिळेल ते खरोखर करणाऱ्या माणसाला ते शोधून काढायचे आणि त्याच्या पायातलं जुनं पायताण मागून घ्यायचे. बदल्यात त्याला नवा जोड. झिजलेल्या टाचेत माणूस सगळा सापडतो, असं त्यांचं म्हणणं. तलाठ्याची चप्पल बाहेरच्या अंगाला झिजली होती, कारण तो कुणासमोर सरळ उभाच राहत नसे. कंपाउंडरची पुढून झिजलेली, दिवसभर वरच्या फळीवरची औषधं काढून. घरी मागच्या खोलीत एक लांब फळी होती आणि तिच्यावर चाळिसेक जोड ओळीने मांडलेले. छबुबाई असेपर्यंत दसऱ्याला त्यांना झेंडू वाहायची. ती गेल्यावर मोहिनी वाहते.

सदुसष्टाव्या वर्षी अण्णांना पहिल्यांदा असं काम मिळालं, की सिनेमा त्यांच्यावरच सुरू होणार आणि त्यांच्यावरच संपणार. म्हातारा मेंढपाळ, मुलांनी कळप विकायला काढलेला. शेवटचा प्रसंग असा, की म्हातारा कळपाला एकदाच आपल्यामागे तळ्याच्या पाण्यावर घेऊन येतो. कॅमेरा पाण्याच्या कडेला. समोरून चालत येणाऱ्या म्हाताऱ्याचा चेहरा दिसला पाहिजे आणि त्याच्यामागे सगळी मेंढरं, एका दमात, न तोडता. बोलणं काहीच नाही. दिग्दर्शक पुण्याचा तरुण मुलगा होता, मऊ बोलणारा. त्याने जागा निवडली ती नेमकी पालीजवळची, बिंदुसरेच्या धरणाची, जिथे अण्णा मेंढरांमागे लहानाचे मोठे झाले होते.

अण्णांच्या छातीत मागच्या वर्षी स्टेंट बसवला होता. मोहिनीने ती शिकवत होती त्या शाळेतून रजा काढली आणि गोळ्या, पाण्याची बाटली, टोपी घेऊन त्यांच्याबरोबर गेली. उन्हाची भीती होती. पण तिथे पोचल्यावर तिला वेगळ्याच भीतीने धरलं.

कळप भाड्याने ठरवला होता तो मध्यस्थामार्फत. मेंढरं दोनशे पाहिजेत, एवढंच त्याला सांगितलं होतं. मेंढरं दोनशे आली, आणि त्यांच्याबरोबर बायडाबाई आली. नवरा गेल्यापासून दहा वर्षं एकटीने कळप राखणारी, उंच, हाडापेराची बाई. गंगाथडीला, गोदावरीच्या काठाला, निघालेली होती, चौथ्या दिवशी पुढे सरकायचं होतं. हा कळप फक्त बाईच्या आवाजावर चालतो, हा विचार मध्यस्थाच्याही डोक्यात आला नव्हता आणि दिग्दर्शकाच्याही. मेंढरं म्हणजे मेंढरं, म्हातारा पुढे चालला की मागे येतील, असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं.

पहिल्या दिवशी अण्णा पुढे चालत गेले आणि मेंढरं होती तिथेच चरत राहिली. मग कुणीतरी युक्ती काढली. बायडाबाईने कॅमेऱ्यामागे उभं राहून हाक मारावी. तिने मारली. जिभेची दोनदा टकटक, मग वर चढत जाणारं ‘याऽऽ याऽऽ’, आणि शेवटी बारीक खोकला. त्याबरोबर दोनशे मेंढरं उधळल्यासारखी धावत आली, अण्णांना धक्के देत, ओलांडून पुढे गेली आणि कॅमेऱ्याच्या तिकाटण्याला वळसा घालून बायडाबाईच्या भोवती जमली. अण्णा धुळीत एकटे उभे. सगळे हसले. मोहिनी हसली नाही, कारण अण्णांचा चेहरा तिला दिसत होता. दहा वर्षांच्या पोराचा होता तो.

संध्याकाळी दिग्दर्शकाने अदबीने विषय काढला. अण्णांनी वाईट वाटून घेऊ नये, मेंढरं नंतर कॉम्प्युटरवर घालता येतील, नाहीतर प्रसंग बदलून म्हातारा एकटाच पाण्यावर आलेला दाखवता येईल. अण्णांनी ऐकून घेतलं. म्हणाले, कळप हलायच्या दिवशी सकाळपर्यंत थांबा. नाही जमलं तर तुम्ही म्हणाल तसं. मोहिनीला ते नुसतं कामाचं बोलणं वाटलं नाही. चाळीस वर्षांत त्यांनी कधी कुणाकडे वेळ मागून घेतलेला तिने पाहिला नव्हता.

मग दोन दिवस ते बायडाबाईच्या मागे मागे राहिले. आधी त्यांनी नेहमीप्रमाणे तिच्या पायाकडे पाहिलं. वहाणा पुरुषी होत्या, नवऱ्याच्या, तिला मोठ्या. पुढे चिंध्या कोंबलेल्या. त्यामुळे तिचं पाऊल उचललं जायचं नाही, फरफटायचं. अण्णांनी वहाणा मागितल्या तेव्हा तिने त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं.

“कावून? मेलेल्या मानसाच्या वहाना हाईत त्या.”

“म्हनूनच मागतो, आक्का. मेंढरं त्याच आवाजामागं चालत्यात.”

तिला ते कधी सुचलं नव्हतं. तिने एकदा वहाणांकडे पाहिलं आणि काढून दिल्या, वर खांद्यावरची घोंगडीही दिली. अण्णांच्या पायाला वहाणा नेमक्या बसल्या, पण त्यांनी तिच्याचसारख्या पुढे चिंध्या कोंबल्या, टाच मोकळी ठेवली आणि दिवसभर माळावर फरफटत फिरले. मोहिनी बाटली घेऊन मागे. सावलीत बसा म्हटलं तर ऐकायचे नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी हाक मारली. मोहिनी त्या वेळी बायडाबाईशेजारी बसून चहा पीत होती. टकटक झाली, ‘याऽऽ याऽऽ’ झालं, बारीक खोकलाही झाला, आणि मोहिनीने दचकून शेजारी पाहिलं. बायडाबाईचं तोंड बंद होतं. तीही स्वतःचा आवाज शोधल्यासारखी इकडे तिकडे बघत होती. तंबूतून दोघं-तिघं बाहेर आले, आक्का, काय झालं, असं विचारत. गोदाक्का जिथून यायची तिथून, कितीतरी वर्षांनी, अण्णांनी बाईचा गळा काढला होता.

मेंढरांनी माना वर केल्या. चार-पाच पावलं आली. अण्णांनी मागे वळून पाहिलं, आणि मेंढरं थांबली. परत चालले, परत वळले, परत थांबली. मग एकेकीने मान खाली घातली.

बायडाबाई आता हसू लागली. “पाव्हणं, हाक माजी, वहाना माज्या धन्याच्या, घोंगडं बी माजं. पन मी कधी मागं बघती का? मागं बघितलं का त्यांला वाटतंय, धनी थांबला. मंग ती बी थांबत्यात.”

“आन् न्हाई आली मागं तर? कळायचं कसं?”

“न्हाई कळत,” ती म्हणाली. “चालायचं.”

अण्णा तिथेच खाली बसले. मोहिनीला वाटलं छातीत दुखतंय, ती धावली. पण ते मान हलवत स्वतःशीच पुटपुटत होते. बंद खोलीत, डबीसमोर बसून आपण हेच करत होतो की, असं काहीसं. नंतर सिनेमा आला, टीव्ही आला, समोर माणसं बसायला लागली, काम झालं की त्यांच्या तोंडाकडे बघायची सवय लागली. इतक्या वर्षांत मागे वळून बघायला आपण कधी शिकलो, तेच कळलं नाही, म्हणाले.

कळप हलायच्या दिवशी सकाळी सगळे तयार होते. बायडाबाईला जीपमध्ये बसवून काचा बंद केल्या, म्हणजे तिचा वास मेंढरांना येणार नाही. मोहिनी कॅमेऱ्यापासून जरा लांब, पाण्याच्या कडेच्या एका दगडावर. समोर उतार, उतारावर चरणारा कळप, आणि त्याच्याही वर अण्णा, घोंगडी पांघरलेले, लहान दिसणारे.

खूण झाली. अण्णा कळपाच्या मधून फरफटत खाली आले, सगळ्यांच्या पुढे झाले आणि हाक मारली. मग चालू लागले.

त्यांच्यामागे काहीच हललं नाही. मोहिनी बघत होती, बाटली दोन्ही हातांनी धरून. वीस पावलं झाली, तीस झाली. अण्णांचा चेहरा तिला आता नीट दिसत होता. त्यावर काहीच नव्हतं, विचारणं नव्हतं, भीती नव्हती. म्हातारा आपल्या मेंढरांना पाण्यावर नेत होता, एवढंच. तिला ओरडून सांगावंसं वाटलं, अण्णा, थांबा, कुणी येत नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिला आपल्या वडिलांची एवढी दया आली, आणि त्याच क्षणी उतारावर एक काळी मेंढी निघाली. तिच्यामागे दुसरी. मग कडेची पाच-सहा. मग एखाद्या डबक्याची कड फुटावी तसा सगळा कळप एकदम उतरू लागला. धूळ उठली, खुरांचा बारीक आवाज जमिनीवरून सरकत आला. कुणी पुढे घुसत नव्हतं, कुणी मागे राहत नव्हतं. वहाणांच्या फरफटीपासून दोन हात अंतर ठेवून दोनशे मेंढरं एका माणसामागे चालत होती आणि त्या माणसाला ते दिसत नव्हतं.

कॅमेऱ्यामागचा मुलगा यंत्रावरचे हात न हलवता रडत होता. दिग्दर्शक तोंडावर मूठ धरून उभा होता. मोहिनीला आपण उभ्या कधी राहिलो ते आठवलं नाही.

अण्णा पाण्याशी येऊन थांबले. ‘कट’ म्हटलं गेलं तरी कुणी जागचं हललं नाही. अण्णाही नाही. त्यांनी अजून मागे पाहिलं नव्हतं. मोहिनी बाटली घेऊन त्यांच्याजवळ गेली, तेव्हा पाण्याकडे बघतच ते हळूच म्हणाले, “मोहिने, आली का गं?”

ती सांगायला गेली. तोवर त्या काळ्या मेंढीने त्यांच्या गुडघ्याला अंग घासून पुढे होत पाण्याला तोंड लावलं. तिच्याशेजारी दुसरी आली. मग दोन्ही अंगांनी येतच राहिल्या, आणि अण्णांच्या चारी बाजूंनी पाणी पिण्याचा आवाज होऊ लागला. त्यांनी हात खाली सोडला आणि एकीच्या पाठीवर ठेवला.

जीपचं दार उघडून बायडाबाई आली. तिच्या चेहऱ्यावर हसू होतं, पण ते धड बसत नव्हतं. पाणी पिणाऱ्या मेंढरांकडे बघून ती म्हणाली, “धा वर्सं पोटच्या पोरीवानी संभाळल्या, आन् मेल्या कुनाच्या बी मागं निघाल्या. फशीवलंत की माज्या मेंढरांना.”

अण्णांनी खाली वाकून वहाणा काढल्या, धूळ झटकली आणि तिच्या पायाशी जोडीने मांडल्या. स्वतः चिखलात अनवाणी उभे राहिले.

“न्हाई, आक्का. पाण्यावर चला म्हनलो, पाण्यावर आनलं. त्यात फशीवलं काय?”

तिने पाय वहाणांत सरकवले. अण्णांनी तिच्यासाठी आणलेला नवा जोड मोहिनीच्या पिशवीत होता. तिने तो घेतला नाही. गंगाथडीला जाऊन परत येताना बघू, म्हणाली. मग जिभेची दोनदा टकटक केली, हाक मारली आणि चालू लागली. मेंढरांनी पाण्यातून तोंडं वर काढली, पाणी गाळत एकेक वळली आणि तिच्यामागे निघाली. तिने एकदाही मागे पाहिलं नाही.

अण्णा मात्र कळप चढ चढून दिसेनासा होईपर्यंत बघत राहिले. मोहिनीने गोळी पुढे केली, ती त्यांनी घेतली. टोपी दिली, ती घातली. गाडीपर्यंत अनवाणी जाऊ नका, काटे आहेत, असं ती म्हणाली, तेव्हा त्यांनी ऐकलं नाही.